डावीकडची जागा

४ जून

आत्या,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, मी सोडून. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन बैठकीत घ्या नाहीतर गच्चीत, आईचे कान दोन्हीकडे पोचतात. आणि मला जे विचारायचं आहे ते तिच्यासमोर विचारता येणार नाही.

गुडघ्याची सूज उतरली आहे. जिना मात्र अजून उलटाच उतरतो, कठडा धरून, रस्त्याकडे पाठ करून. वरच्या मजल्यावरच्या काकू मला बघितलं की बाजूला होतात आणि वयस्कर माणसाशी बोलावं तसं हळू हळू बोलतात. एकतिसाव्या वर्षी हे ऐकायला मजा येत नाही. हिवाळ्यात ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आतली गादी फाटली होती, ती शिवली आहे, आता ती धरते का बघू. अजून बघणंच चालू आहे.

माझं काम असं. हंगाम संपला असला तरी क्लबचा सराव सुरू झालाय, आणि मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लोकांना तो दोरीमागून बघू देतात. तुझ्या घरापासून मैदान चालत जाण्यासारखं आहे. मी संघातल्या कुणालाही विचारलं की एकच उत्तर मिळतं, "तू फक्त बरा हो." मॅनेजर तेच म्हणतो, फिजिओ तेच म्हणतो, कपडे धुणारासुद्धा तेच म्हणतो. नवीन कोच आलेत. त्यांना मी अजून भेटलेलो नाही.

तू लहानपणापासून मला खेळताना बघितलंस आणि एकदाही खोटं कौतुक केलं नाहीस. शाळेच्या अंतिम सामन्यानंतर सगळे मला खांद्यावर घेत होते आणि तू म्हणालीस, "दोनदा झोपला होतास." म्हणून तुलाच सांगतो. तिथे जा, आणि डावीकडे मागे, माझ्या जागेवर, कोण उभा राहतो ते मला लिहून कळव. गोडधोड लावू नकोस.

तुझा
छोट्या


९ जून, शुक्रवार

छोट्या,

आशीर्वाद पाकिटात मावतील तेवढे घे. आधी पाय उशीवर ठेव आणि मग वाच, कारण पत्र लांबणार आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका हॉटेलच्या पडद्यांत गळ्यापर्यंत बुडाले होते. मालक म्हणाला होता सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या आहेत, आणि दोन खिडक्या एका मापाच्या निघतील तर शपथ. पडदे तसेच शिलाई मशीनवर टाकले आणि आज सकाळी मैदानावर गेले.

तुला ते मैदान पाठ आहे, पण दोरीच्या या बाजूने तू ते कधी बघितलेलं नाहीस, म्हणून सांगते. बस डेपोच्या भिंतीला लागून एक लांब बाकडं आहे. त्यावर रोजची मंडळी बसतात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. मी नवखी म्हणून मला उन्हातलं टोक मिळालं, उजव्या बाजूच्या रेषेला चिकटून. शेजारी एक निवृत्त शिंपी असता तर गप्पा झाल्या असत्या, पण तिथे बसतो तो एक विमा एजंट. त्याला सगळे 'हवामान' म्हणतात, कारण तो प्रत्येक सामन्याचा अंदाज सांगतो आणि तो कधीच खरा ठरत नाही. बिचारा स्वतःही त्या नावाला ओ देतो.

हंगामात तुम्ही कसे रुबाबात बाहेर येता, आकडे पाठीवर, केस भांग पाडून. इथे तसलं काही नाही. सगळ्यांना एकच राखाडी बनियन, आकडा नाही, नाव नाही. कुंपणाच्या तारेवर पिवळ्या बंड्या वाळत घातल्यासारख्या टांगलेल्या, ज्याला कोच सांगतील त्याने एक ओढून अंगात घालायची. माणूस ओळखायचा तो चालीवरून. कप्तान मोजे ओढतो, म्हणून तो लगेच कळला. तो उंच मधला बचावपटू, ज्याला तुम्ही खांब म्हणता, तो अजूनही चेंडू लांब मारला की जीभ बाहेर काढतो. गोलकीपर एका कोपऱ्यात वेगळेच, त्यांचं आपलं एकसारखं पडणं आणि उठणं चाललेलं. मांड्यांना रबरी पट्टे बांधून तुमची मंडळी खेकड्यासारखी आडवी चालत होती तेव्हा मला हसू आवरेना. हवामान म्हणाला, "बाई, हा शास्त्रशुद्ध व्यायाम आहे." मी म्हटलं, "असेल, पण तुम्ही करून दाखवा."

कोच अंगाने किरकोळ. एवढ्या उन्हातही डोक्यावर लोकरी टोपी. आवाज मात्र डेपोतल्या बसवाल्यांना ऐकू जाईल असा.

आता तुझं काम. शेवटी सगळ्यांना पूर्ण मैदानावर उभं केलं, पिवळे विरुद्ध राखाडी. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. उजवीकडे मागे एक जण होता. मध्ये खांब, त्याच्या पलीकडे तो टकल्या. आणि डावीकडे, तुझ्या जागेवर, कोणीही नव्हतं.

मी परत परत बघितलं. चेंडू गेला तरी तिथे कोणी उभं नव्हतं. मागे तिघंच, आणि तुझी जागा मोकळी ठेवलेली. छोट्या, मला काय वाटलं ते लिहीत नाही, तू हसशील. नऊ वर्षं तिथे दुसरा कोणी उभा राहिलेला मी बघितला नाही आणि यांनीही उभा केला नाही. तुझ्यासाठी थांबलेत. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

हवामान म्हणत होता, "पण माणसं तर अकराची अकरा आहेत." त्याचं तू मनावर घेऊ नकोस.

तुझी
आत्या


१४ जून

आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. मग घरात येऊन परत वाचलं. आईने विचारलं कोणाचं, म्हटलं विम्याचं. खोटं फारसं नव्हतं.

मागे तिघं होते, हे नक्की ना? तुझ्यावर अविश्वास नाही. फक्त पुढच्या खेपेला आणखी एक बघ. डाव्या रेषेवरून वरखाली कोण धावतो? मागेही येतो आणि पुढेही जातो असा कोणी आहे का? तो दमतो का?

इथे सगळं ठीक. बाबा रोज संध्याकाळी मला फिरायला नेतात आणि वाटेत प्रत्येक बाकावर बसतात, आपण दमलो म्हणून. ते दमत नाहीत, मला माहीत आहे. मीही बसतो.

डॉक्टर म्हणतात येत्या हिवाळ्यापर्यंत थांब. पण माझ्याबरोबर व्यायामाला येणाऱ्या एका धावपटूने दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय. त्यांना भेटून आलो. माणूस बरा वाटला.

तू म्हणालीस कोणी उभं नव्हतं. तेवढं वाक्य मी बरेचदा वाचलं.

छोट्या


२० जून, मंगळवार

छोट्या,

पाय उशीवर आहे असं धरून चालते.

आज पाणी, टोपी आणि बसायला गादी घेऊन गेले. बाकड्यावर माझा मान वाढला आहे. परवा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की मी तुझी आत्या, तेव्हापासून मला सावलीतली जागा मिळते. बेकरीवाली बाई तर म्हणाली, "त्याला म्हणावं लवकर ये, डावीकडचं सगळं ओस पडलंय." मी अशी काही मान हलवली की जणू तुला संघात घ्यायचं की नाही हे माझ्याच हातात आहे. काय करू, मला फार अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं माझं वय राहिलं नाही.

तू विचारलंस तो माणूस आहे. नवीन आहे, लांब टांगांचा, विशीतला. केस कपाळावर. तो डाव्या रेषेवरून पार पुढे जातो, चेंडू गेला की तसाच मागे धावत येतो, तुझ्या जागेपर्यंत, आणि जरा वेळाने पुन्हा पुढे. मला तर त्याची दया आली. मी हवामानाला म्हटलं, "बघा, दुसऱ्याची जागा सांभाळायची म्हणून बिचारा किती राबतोय." कोचही त्याला सारखे ओरडत होते, "मागे, मागे!" म्हणजे त्यांनाही ती जागा उघडी पडलेली आवडत नाही. तू आलास की त्या पोराचे हाल संपतील.

दमतो का, विचारलंस. नाही रे, दमत नाही. मला वाटलं होतं दमेल.

आता त्या दुसऱ्या डॉक्टरांचं. बरा वाटला म्हणजे काय? पहिले वाईट होते का? बरा वाटणारा माणूस पडद्याचं कापड विकायलाही येतो माझ्याकडे, आणि पहिल्याच धुण्यात ते आटतं. हे लोक तुझ्यासाठी थांबलेत, तर तूही जरा थांब. पण एक सांगते, तू त्या रेषेवर परत उभा राहिलेला बघायला माझाही जीव टांगणीला लागलाय. हे लिहायला नको होतं बहुतेक. लिहिलं आता.

आत्या


२३ जून

आत्या,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि आईबाबांना यातलं काही बोलू नकोस.

मी ठरवलंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे गुडघ्यात इंजेक्शन घेणार. त्याने दुखणं जातं. जातं म्हणजे कळत नाही. त्याच आठवड्यात संघाचं शिबिर सुरू होतंय, तिथे जाऊन उभा राहणार. एकदा धावताना दिसलो की मग पुढचं पुढे.

पहिले डॉक्टर काय म्हणाले तेही सांगतो, तुझ्यापासून लपवत नाही. म्हणाले, दुखणं दाबून धावलास तर शिवलेली गादी सुटेल, हाडावर हाड घासेल, आणि चाळिशीच्या आत काठी हातात येईल. तेव्हा दुरुस्तीही होणार नाही. त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, बिलाकडे बघत. दुसरे म्हणतात, होईलच असं नाही.

आत्या, मला दुसरं काही येत नाही. सतराव्या वर्षापासून मी एका रेषेच्या कडेला उभा राहून समोरच्याला पुढे जाऊ दिलं नाही, एवढंच काम केलंय. हिवाळ्यापर्यंत थांबलो तर कोणी माझ्यासाठी थांबेल का? पण तू म्हणालीस जागा मोकळी आहे. तू कधी खोटं बोलत नाहीस. त्या जोरावर जातोय.

छोट्या


२७ जून, मंगळवार

छोट्या,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तुझ्या आईने ऐकलं असतं. कुठेतरी बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

आज आमचं बाकडं बंद होतं. त्या बाजूचं गवत नव्याने लावलंय, पाणी सोडलं होतं, म्हणून दोरी हलवून सगळ्यांना गोलच्या मागे बसवलं. मंडळी कुरकुरली. आपापल्या जागा गेल्या म्हटल्यावर हवामान कोणता अंदाज सांगायचा तेच विसरला.

मी आजवर नेहमी रेषेच्या कडेला बसत आले. तिथून माणसं एकामागे एक दिसतात, त्यांच्यामधलं अंतर कळत नाही. गोलच्या मागून सगळी रुंदी समोर येते. खेळ सुरू झाला आणि मागचे तिघं उभे राहिले, आणि मी त्यांच्यामधलं अंतर नजरेने मोजलं.

माझं काम तुला माहीत आहे. दांडीवर चार कड्या असल्या आणि एक गळाली, तर पडदा त्या बाजूला लोंबतो, कोणालाही दिसतं. पण पहिल्यापासून तीनच कड्यांचा पडदा असेल तर त्या सारख्या अंतरावर असतात आणि काहीच लोंबत नाही. हे तिघं सारख्या अंतरावर होते, छोट्या. खांब बरोबर मध्ये, गोलच्या समोर. ज्याला मी उजवीकडचा समजत होते तो उजवीकडचा नव्हताच, मधल्यांपैकीच एक होता. उजव्या रेषेवरही डावीकडच्यासारखाच एक जण वरखाली धावत होता. तो माझ्या इतका जवळून धावायचा की मी त्याला पुढचा गडी समजत होते. आणि डावीकडे भोक नव्हतं. तिथे काही गळालेलं नव्हतं.

मी तरीही मानायला तयार नव्हते. सराव संपल्यावर कोच लोकांना नमस्कार करायला दोरीपाशी आले. मी कोण ते बोलले नाही. म्हटलं, "साहेब, एक विचारू? तुमचा लेफ्ट बॅक कुठे उभा राहतो? मला म्हातारीला सापडत नाही."

ते हसले. टोपी काढून घाम पुसला. टोपीखाली केस नव्हते. म्हणाले, "आजी, तुमची नजर चांगली आहे. यंदा लेफ्ट बॅक नाही."

"म्हणजे कोणी मिळाला नाही?"

"माणसाचा प्रश्न नाही. ती जागाच आता नाही. मागे तिघं, आणि कडेने धावणारे दोघं. आमचा खेळ बदललाय."

"मग पूर्वीचा जो होता तो?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. त्यांना कळलं की काय, कोण जाणे. म्हणाले, "फार चांगला होता तो. पण कडेने धावायला दोन्ही गुडघे नवे लागतात, आजी."

मी आभार मानले आणि घरी आले. हॉटेलचे पडदे तसेच पडलेत.

माझ्याकडून चूक झाली. मी तुला खोटं सांगितलं नाही, पण मला जे हवं होतं तेच मी बघितलं, आणि तू माझ्या नजरेवर विसंबलास. हवामान पहिल्या दिवसापासून अकरा मोजत होता. मी त्याची टर उडवली. आज त्याला चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आता माझं ऐक. ते तुझ्यासाठी थांबलेले नाहीत. तुझ्या जागेवर दुसरं कोणी आलेलं नाही, पण तुझी जागा उरलेली नाही. जी जागा नाही तिच्यासाठी पाय देऊ नकोस. मला तू काठी टेकत आलेला बघायचा नाही. मला तू माझ्या जिन्यावरून सरळ तोंड करून उतरताना बघायचा आहे. खेळला नाहीस तरी तू माझा छोट्याच आहेस, हे तुला सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं, म्हणून आजवर सांगितलं नाही.

सोमवारच्या आत उत्तर दे. नाहीतर मी फोन करून तुझ्या आईला सगळं सांगेन, आणि त्यानंतर मला शिव्या दिल्यास तरी चालेल.

आत्या


७ जुलै, शुक्रवार

छोट्या,

तुझं उत्तर नाही.

रविवारी फोन केला. तुझ्या आईने उचलला. म्हणाली, तू सकाळीच बाहेर पडलास, मित्राकडे राहायला, दोन दिवसांनी येशील. कोणता मित्र ते तिला ठाऊक नव्हतं. तिचा आवाज इतका साधा होता की मला सगळं सांगायचं धाडस झालं नाही. तुझ्या गुडघ्याला शेक द्यायला नवीन पिशवी आणल्याचं सांगत होती. मी म्हटलं छान केलंस, आणि फोन ठेवला. धमकी देणं सोपं असतं.

सोमवार गेला. शिबिर सुरू झालं म्हणतात. आज मी मैदानावर गेले आणि सराव बघितलाच नाही, नुसते गुडघे बघत होते. शिबिरातल्या मंडळींत तू दिसला नाहीस. त्यामुळे बरं वाटावं की अधिक घाबरावं ते कळेना. हवामान म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी नाही." पहिल्यांदाच त्याचा अंदाज बरोबर आला.

तू काय केलंस ते सांग. केलं असशील तरी सांग.

आत्या


९ जुलै

आत्या,

तुला इतके दिवस ताटकळत ठेवलं, माफ कर. मी धावपटू मित्राकडे गेलो होतो, दवाखाना त्याच्या घराजवळ आहे म्हणून. तुझं पत्र मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. शेवटपर्यंत वाचलं आणि तरीही निघालो.

आता मी लपवलेलं सांगतो. कोचना भेटलो नव्हतो हे खरं, पण त्यांनी मला वसंतातच फोन केला होता. सरळ सांगितलं होतं, मागे तिघं खेळवणार, कडेने धावणारे हवेत, तुझ्या गुडघ्याला ते झेपेल असं मला वाटत नाही. सगळं ठाऊक होतं मला. मी स्वतःशी म्हटलं, धावून दाखवीन. म्हणून तुला मैदानावर पाठवलं. तिथे कोण धावतो, तो दमतो का, तो चुकतो का, हे मला हवं होतं. आणि तू लिहिलंस, जागा मोकळी आहे, तुझ्यासाठी थांबलेत.

मला माहीत होतं आत्या, तू काय बघितलंस ते. पहिल्याच पत्रात कळलं, कारण तू तिघं लिहिलंस. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जगात एक तरी माणूस असा होता ज्याला तिथे रिकामी जागा दिसत होती, आणि तो माणूस कधी खोटं बोलत नाही. मी तुझ्या डोळ्यांनी बघायला लागलो. कोचचं बोलणं विसरून तुझं पत्र खरं मानणं फार सोपं गेलं. चूक तुझी नाही. तुझ्या चुकीवर मी मुद्दाम जगत होतो.

सोमवारी दवाखान्यात गेलो. नंबर यायला वेळ होता. बाकावर बसून तुझं पत्र पुन्हा काढलं. कोचने सांगितलं तेव्हा मला राग आला होता. फिजिओने तेच आडून सुचवलं तेव्हा वाटलं, याला काय कळतं. पण तुलाही ती जागा दिसत नाही म्हटल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. तूच एक होतीस आणि तूही आता खरं काय ते बघितलंस.

आतून माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो, मला नको. नर्स म्हणाली, घाबरलात का? मी हो म्हणालो.

त्यानंतर मित्राकडे दोन दिवस नुसता पडून होतो. मग घरी आलो आणि आईबाबांना सगळं सांगितलं. संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा बाबा वाटेत कुठल्याच बाकावर बसले नाहीत, म्हणाले, "तुला बसावंसं वाटलं की सांग." कोचना फोन केला. ते म्हणाले, हिवाळ्यात गुडघा बरा झाला तर ये, लहान मुलांना बचाव शिकवायला कोणीतरी हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या मला तिथे जाववत नाही.

दोन दिवसांपूर्वी घरात एकटाच असताना रडलो. तुला सांगतो, कारण आणखी कोणाला सांगणार.

एक विचारायचं राहून गेलं. महिनाभर तू सराव बघतेस आणि मी तुला एकाच कोपऱ्याबद्दल विचारत राहिलो. बाकी काहीच विचारलं नाही. आत्या, यंदा आपला संघ कसा आहे?

छोट्या


१४ जुलै, शुक्रवार

छोट्या,

तुझं पत्र वाचून मी मशीनवर डोकं टेकून बसले. इतकं हायसं वाटलं की त्याची लाज वाटली, कारण तुझं काय गेलंय ते मला कळतं. तुझ्या आईला माझ्याकडून सांग, पोराला उद्या शेक दिला नाहीस तरी चालेल, आज पोटभर जेवू घाल. आणि मला फसवलंस त्याबद्दल तू आलास की तुझा कान पिळणार आहे. दोन्ही हातांनी, कारण तू उंच झालास.

तू विचारलंस म्हणून आज नीट बघितलं. बाकडं पुन्हा सुरू झालंय, पण मी गोलच्या मागे जाऊन बसले. हवामानही आला, आपली खुर्ची घेऊन.

तुला गोड लावून सांगणार नाही. संघ चांगला आहे, छोट्या. फार चांगला आहे. खांब इतका निवांत खेळतो की तो लांब मारतच नाही, जीभ आत असते त्याची. चेंडू एका बाजूने अडला की दुसरीकडून मोकळा होतो. कोणी कोणावर ओरडत नाही. तुझ्या वेळी मागून पुढे जायला त्यांना जो त्रास व्हायचा, तो आता होत नाही. मी गेली कितीतरी वर्षं हा संघ बघतेय आणि असा खेळ त्यांनी केलेला मला आठवत नाही.

शेवटी शेवटी तो लांब टांगांचा पोरगा डाव्या रेषेवरून सुटला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि बरोबर मधोमध चेंडू दिला, गोल झाला. सगळं बाकडं उठून उभं राहिलं. मी बसून राहायचं ठरवलं होतं. पण उठले, आणि टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. त्याने वळून बघितलं तर त्याला एक म्हातारी दिसली असेल, रडता रडता टाळ्या वाजवणारी. बिचाऱ्याला वाटलं असेल, आपल्याच कौतुकाने रडते आहे. वाटू दे.

तुझी
आत्या